आली का सगळी?

"घरात तुमचे वडील बसतात कुठं?" त्या बाईंनी विचारलं आणि अमृतला उत्तरच येईना. बरं, प्रश्न काही अवघड नव्हता. पाटबंधारे खात्यात उपअभियंता म्हणून उभी हयात घालवलेल्या, सांगलीत स्वतःचा फ्लॅट असलेल्या माणसाला आपला बाप आपल्या घरात कुठं बसतो एवढं सांगता येऊ नये? तो तर तयारीनं आला होता. आबा काय खातात, म्हणजे काय काय खात नाहीत, झोप कशी, वजन किती उतरलं, रक्तदाबाची गोळी कुठली, सगळं जिभेवर होतं. डॉक्टरांनी तपासून झाल्यावर 'जरा खाली संयोगिता मॅडमना भेटून या' म्हटलं, आणि खालच्या मजल्यावर 'समाजसेवा विभाग' ही पाटी बघून तो मनातून थोडा दुखावलाही होता. ही खोली आपल्यासारख्यांची नव्हे, असं त्याला वाटलं होतं. आणि आता त्याच खोलीत, पंख्याच्या घरघरीखाली, तो शाळेत फळ्यापुढं उभ्या केलेल्या पोरासारखा गप्प होता. "सोफ्यावर," तो शेवटी म्हणाला, आणि म्हणता म्हणताच ते खोटं आहे हे त्याला कळलं. "म्हणजे आधी बाल्कनीत बसायचे." बाई पन्नाशीच्या, मूळच्या मेढ्याकडच्या, बोलणं तिकडचंच, थेट. "आणि आता?" "आता असतात की घरातच." "असतात ते कळलं हो. बसतात कुठं?" बाईंनी पेन बाजूला ठेवलं. "हे बघा, गोठ्यातलं जनावरसुद्धा आपली जागा धरून बसतं. माणसाची जागा घरच्यांना सांगता आली नाही की मला धडकी भरते. शनिवारी येते मी तुमच्याकडं. आजोबांना तपासायला डॉक्टर आहेत. मला घर बघायचंय."

विश्रामबागेच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या सीटवर आबा, बिराप्पा, हात मांडीवर ठेवून समोर बघत होते. त्या हातांकडं अमृतचं लक्ष गेलं आणि त्यानं नजर काढून घेतली. डॉक्टर म्हणाले होते, पोट रिकामं आहे, शरीर खाली खाली चाललंय. दोन-चार दिवस बघा, नाहीच घेतलं काही तोंडात, तर सोमवारी दाखल करा, नाकातून नळी घालू. मग त्यांनी पुढचंही सांगितलं होतं, आवाज न बदलता, रोजचं असल्यासारखं: ही वयस्कर माणसं नळी ओढून काढतात, त्यामुळं हात पलंगाला बांधून ठेवावे लागतात. आणि अमृत 'ठीक आहे' म्हणाला होता. कुणी सांगितलं होतं 'ठीक आहे' म्हणायला? काय ठीक होतं त्यात? या हातांनी मेंढरांची अडलेली बाळंतपणं केलेली, अंधारात कोकराचा पाय चाचपून मोडलाय का मुरगळलाय ते ओळखलेलं. ते हात पांढऱ्या पट्टीनं लोखंडी दांड्याला बांधायचे, आणि वर त्याला ठीक आहे म्हणायचं. मागच्या गाडीनं हॉर्न मारला. हिरवा लागला होता. 'आबा, काही खाणार का वाटेत? उसाचा रस?' त्यानं विचारलं. आबांनी मान हलवली. नको.

जागा. बाईंचा प्रश्न जिन्यानं वर आला, दारातून आत आला आणि जेवायच्या टेबलाशी त्याच्याआधी जाऊन बसला. अमृत एकेक आठवायला लागला. आई, धोंडुबाई, गेली आणि गावाकडं आबा एकटे राहिले, तेव्हा त्यानं त्यांना इथं आणलं. आटपाडीच्या पुढचं गाव, तिथली जमीन वाट्यानं लावली, घराला कुलूप घातलं. पहिले काही दिवस आबा सोफ्यावर बसले, म्हणजे सोफ्यावर उकिडवे बसले, पाय वर घेऊन, आणि मायानं, त्याच्या बायकोनं, अगदी गोड आवाजात सांगितलं, 'आबा, पाय खाली सोडून बसा ना.' पाय खाली सोडले की त्यांना मुंग्या येत. मग ते बाल्कनीत बसायला लागले, तिथून रस्ता दिसायचा. पण बाल्कनीला काचा लागल्या, वॉशिंग मशीन आलं, आणि तिथं उभं राहायलाही अंग चोरावं लागे. मग ते खाली फाटकाशी, वॉचमन जोतिबाच्या शेजारी, भुईवर जाऊन बसत. तिथं ते बरे होते. येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघत, जोतिबाशी चार शब्द बोलत. पण सोसायटीच्या चेअरमननी एकदा लिफ्टमध्ये अमृतच्या खांद्यावर हात ठेवला: 'साहेब, वडिलांना सांगा ना, खाली असं बसतात, बाहेरच्यांना वाटतं कोणतरी...' वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, आणि अमृतनंही करू दिलं नाही, कारण पुढचा शब्द त्याला ठाऊक होता. त्या संध्याकाळी त्यानं आबांना सांगितलं, खाली बसत जाऊ नका. आबा 'बरं' म्हणाले. त्यानंतर ते कुठं बसतात हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. घरात बसायला जागा थोडी का होती? तीन खोल्या, दोन सोफे, सहा खुर्च्या. आणि एका म्हाताऱ्या माणसाला बूड टेकायला त्यात कुठं ठिकाण नव्हतं. अमृतला लाज वाटली, आणि लाजेमागोमाग बाईंचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीतून लवकर आला, चोरासारखा, लॅचची किल्ली हळू फिरवून. दार उघडलं आणि ते अर्ध्यावरच कशाला तरी अडलं. आबांचा गुडघा होता. दाराच्या आत, चपला ठेवायचं रॅक आणि भिंत यांच्यामध्ये जी हातभर फट होती, तिथं आबा उकिडवे बसले होते, पाठ भिंतीला, तोंड दाराकडं. अमृत आत शिरताना त्यांनी हात उचलला आणि त्याच्या पाठीवरून नुसता फिरवला, शर्टावरून, वरून खाली. "रोज तिथंच असतात की," माया ओट्यापाशी भाकरी थापत म्हणाली. "मला वाटलं तुम्हाला माहिती आहे. मीच दोनदा अडखळून पडले." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, थकवा होता, ती शाळेतून येते, घरचं करते, सासऱ्यासाठी ज्वारीची भाकरी वेगळी करते आणि ती तशीच्या तशी उचलून ठेवते. मग त्यांची मुलगी सोनिया क्लासहून आली. कानात वायर, नजर मोबाइलवर. आबांचा हात तिच्या पाठीवरच्या सॅकवरून फिरला. तिनं ते जाणलंही नाही. दार लागलं तसे आबा बसल्या जागेवरून, फार मोठ्यानं नाही, म्हणाले, "आली का सगळी?" "हो आबा, आली," माया आतून म्हणाली. "आली, आली," सोनिया म्हणाली. आणि अमृतच्या लक्षात आलं की तोही तोंड उघडून तेच म्हणणार होता. रोज म्हणत होता. आबा रोज विचारत होते आणि ते तिघं रोज, कुणी शिंकलं की म्हणावं तसं, उत्तर देत होते. प्रश्न कुणी ऐकलाच नव्हता.

त्यानं ऐकला, आणि पाठोपाठ त्याला वास आला. लोकरीचा, लेंड्यांचा, ओल्या मातीचा, चुलीवर कढत आलेल्या दुधाचा. दिवाळी झाली की त्यांची मेंढरं पश्चिमेकडं निघायची. घोडं, त्याच्या पाठीवर भांडी आणि कोंबड्या, आई पुढं, आबा मागं, मध्ये तो. मुक्काम करत करत रहिमतपूरच्या शिवारात यायचं. तिथले बागायतदार मेंढरं आपल्या रानात बसवायचे, खतासाठी, आणि बदल्यात ज्वारी द्यायचे. संध्याकाळ झाली की रानात जाळी उभी व्हायची, एका बाजूला तोंड ठेवून, आणि त्या तोंडाशी आबा उभे राहायचे. मेंढरं एकेक करून आत शिरायची. आबा मोजायचे नाहीत. मोजता त्यांना येतही नव्हतं फारसं. ते नुसता हात ठेवायचे, प्रत्येकीच्या पाठीवर, वरून खाली, आणि शेवटची आत गेली की आईकडं वळून म्हणायचे, 'आली सगळी.' ते म्हटलं की आई परात पुढं ओढायची. त्याआधी नाही. एकदा एक पाठ हाताला लागली नाही. आबा काठी घेऊन उलट्या वाटेनं गेले आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर आले, खांद्यावर लंगडी मेंढी. तोवर पोटात पाण्याशिवाय काही नाही. आईनं विचारलंसुद्धा नाही, जेवलासा का म्हणून. कारभाऱ्यानं सगळी आत आल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, हे जगाच्या रीत-रिवाजातलं, सांगायची गरज नसलेलं काहीतरी होतं. आणि हे आपण विसरलो? अहो, बापाला भूक लागत नाही म्हणून आपण त्याला इंजेक्शनं टोचून आणली, आणि तो आपला चपलांच्या रॅकशी उभ्या कळपाची राखण करत बसलाय! अमृतला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. सापडलं. कारण सापडलं की इलाज करता येतो, हे त्याचं आयुष्यभराचं शिक्षण होतं. माया कधी येते, सोनिया कधी, तो स्वतः रात्री कधी. एका वेळी सगळी आत आलीयत असं या घरात होतच नाही. उद्या शनिवार. उद्या सगळ्यांना वेळेत घरात आणायचं. एवढंच तर होतं.

त्यानं मायाला सांगितलं, सोनियाला क्लास बुडवायला लावला. संयोगिताबाई दुपार उतरताना आल्या, पिशवी खुंटीला अडकवली, आणि 'बसा' म्हटल्यावर सोफ्यावर न बसता घरातून एक फेरी मारली. बाल्कनीच्या काचा, वॉशिंग मशीन, आबांच्या खोलीतला उंच पलंग, त्यावरची न चुरगळलेली चादर, सगळं बघितलं. मग रॅकपाशी येऊन थांबल्या. अमृतनं त्यांना आपला शोध सांगितला, जरा घाईनं, जरा ऐटीतसुद्धा. आपण उत्तर घेऊन आलोय हे त्याला दाखवायचं होतं. बाईंनी ऐकून घेतलं. "असेल," त्या म्हणाल्या. "करून तर बघा. तुमचं खरं झालं तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही." मग त्या तिघांना त्यांनी बाहेर पाठवलं आणि तिघंही एकामागोमाग एक दारातून आत आले. माया, मग सोनिया, मग तो. तिघांच्या पाठीवरून हात फिरला. आबांच्या चेहऱ्यावर काहीतरी जागं झालं, डोळे बारीक झाले. दार लागलं. माया ताट घेऊन आली, त्यांच्यासमोर ठेवलं, भाकरी, वांग्याचं कोरड्यास, वाटीत दूध. "आली का सगळी?" आबांनी विचारलं. "आली, आबा," अमृत म्हणाला. या वेळी खरंच उत्तर देत म्हणाला. "सगळी आत आहेत. बघा की. जेवा आता." आबांनी दाराकडं बघितलं. मग ताट बोटांनी हळूच पलीकडं सारलं. "एक ऱ्हायलंय," ते म्हणाले.

अमृतच्या मनात आईचं नाव आलं. पण तिला कुठून आत आणायचं? तो त्यांच्यापुढं वाकला, आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "आबा, आई गेली. आई नाही आता." आबांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्याला आपलंच बोलणं बावळट वाटलं. "ती गेली त्ये ठावं हाय मला," आबा म्हणाले. "म्याच दिली की माती. मेल्यालं न्हाई मोजत कोन." संयोगिताबाई साडी सावरून भुईवर बसल्या, आबांच्या शेजारी, रॅकला खांदा टेकून, मायाच्या शाळेच्या चपलांच्या बरोबर खाली. "मग कोण राहिलंय, आबा?" त्यांनी विचारलं. "आमचं पोरगं," आबा म्हणाले. "अमृत."

त्या एका क्षणात अमृतला सगळं दिसलं, आणि ते दिसू नये म्हणून त्यानं किती वर्षं काय काय केलं होतं तेही दिसलं. दुधाचे दात पडायचे होते तेव्हा. तळ रहिमतपूरला होता. आबा त्याला एसटीनं साताऱ्याला घेऊन गेले, बोर्डिंगात घालायला, कारण गावचे मास्तर म्हणाले होते पोरगं हुशार आहे, मेंढरामागं वाया जाईल. नवी खाकी चड्डी, केसांना एवढं तेल की ते कानामागून ओघळत होतं. बोर्डिंगचे गुरुजी म्हणाले, 'निघा आता, मागं बघू नका, नाहीतर पोरगं रडंल.' आणि आबांनी मागं बघितलं नाही. फेटा फाटकातून बाहेर गेला, वळला, दिसेनासा झाला. संध्याकाळी घंटा झाली, पोरं रांगेनं बसली, गुरुजींनी नावं पुकारली आणि त्यानं इतरांचं बघून 'हजर' म्हटलं. आमटी पुढं होती आणि त्याच्या डोक्यात एकच होतं: आता तिकडं जाळीच्या तोंडाशी आबा उभे असतील, हात फिरवत असतील, शेवटचं मेंढरू आत जाईल आणि ते म्हणतील, आली सगळी. मी नसताना म्हणतील. आणि जेवतील. ते म्हणाले असतील, ते जेवले असतील, या खात्रीवर तो त्या रात्री झोपला आणि त्या खात्रीवरच मोठा झाला. सुट्टीत तळावर गेला तरी पाहुण्यासारखा राहिला. शिकला, साहेब झाला, कालव्याच्या कामावर आपल्याच तालुक्यात गेला. पाणी आलं, माळावर डाळिंबं आली, मेंढरांना चरायला रान उरलं नाही, आणि अखेर सीमेकडच्या एका व्यापाऱ्यानं आबांचा सगळा कळप ट्रकात घालून नेला. गावानं अमृतचा सत्कार केला. आबा मागं, मंडपाच्या कडेला बसले होते. त्या वेळीसुद्धा मनाच्या तळाशी त्याला जरा बरं वाटलं होतं. होय, बरं वाटलं होतं. ज्या कळपात आपण मोजले गेलो नाही, तो गेला.

"आबा," तो म्हणाला आणि त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला, "मीच की अमृत. आलोय मी. हा काय." आबांनी त्याला पायापासून वर बघितलं. पॅन्ट, पट्टा, चष्मा, पांढरे झालेले कल्ले. "सायेब, थट्टा करू नगासा," ते म्हणाले, राग न धरता. "बारकं हाय त्ये. साताऱ्याला ठिवलंय शिकाय. सुट्टी लागली असंल आता, येतंय की." गेले कित्येक दिवस आबा त्याला अहोजाहो करत होते. रुसलेत, खाली बसू दिलं नाही म्हणून, असं त्याला वाटलं होतं. "आणि त्याला ठेवून आलात त्या दिवशी?" संयोगिताबाईंनी हळू विचारलं. "त्या दिवशी जेवलात?" अमृतला वाटलं त्यांचं तोंड दाबावं. त्याला हे ऐकायचं नव्हतं. आबांनी दाराच्या कडीकडं बघितलं. "धोंडीनं वाढलं," ते म्हणाले. "मेंढरं आत घिऊन मी हुबा. ती म्हनली, आली का सगळी? आता काय बोलायचं, सांगा की. बोललोच न्हाई मी. तवापास्नं आजून बोललो न्हाई त्यो शब्द." मग, जणू आपल्यावर कुणी आळ घेतलाय तसं, "चार घास खायाचो म्हना. न खाऊन कसं भागंल? मेंढरामागं चालाय लागतंय. आता कुटं चालायचंय मला? मेंढरं न्हाईत, माळ न्हाई. आता निवांत बसून वाट बघता येती." माया आत निघून गेली. सोनिया कानातली वायर हातात धरून उभीच होती.

जाताना बाई लिफ्टपाशी थांबल्या. अमृत त्यांच्या मागोमाग आला होता. विचारायचं एकच होतं. "आता काय करू मी?" "मला नाही माहिती," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं हे त्यांनी लपवलं नाही. "मला वाटलं होतं जागेचं दुखणं आहे. जागा करून देऊ, बसतील, खातील. नुसती जागा असती तर सोपं होतं हो. डॉक्टरांना मी सांगेन सोमवारी सगळं. पण पोटात काही गेलं पाहिजे, त्याला माझ्याकडं पर्याय नाही. आणि खरं पटवत बसू नका त्यांना. तुम्ही जिंकलात तरी त्यांचं पोरगं हरवेल." त्यांना साताऱ्याची गाडी गाठायची होती. लिफ्ट खाली गेली. अमृत जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. नाही जेवले. कधीच म्हणाले नाहीत. म्हणजे तो राग, ती खात्री, जिच्यावर सगळा माणूस उभा केला होता, ती पोकळ होती. आणि ज्याला हे सांगून पायांवर डोकं ठेवावं तो बाप आता त्याला ओळखत नव्हता. आनंद व्हायला हवा होता. त्याला नुसती भूक लागली होती, सकाळपासूनची, गुरासारखी भूक.

आत आला तेव्हा दिवेलागण झाली होती. आबांचा हात पुन्हा पाठीवरून फिरला आणि पुन्हा खाली गेला. ही ती पाठ नव्हती. अमृत पुढं गेला नाही. तिथंच, दार आणि रॅक यांच्या मध्ये, पॅन्टसकट भुईवर बसला. गुडघे कुरकुरले. माया बाहेर आली, दोघांकडं बघितलं, काही न बोलता आत गेली आणि अमृतसाठी ताट घेऊन आली. ते तिनं टेबलावर ठेवलं नाही, त्याच्यासमोर जमिनीवर ठेवलं. तिच्याबद्दल त्याचा जीव भरून आला. भाकरीची वाफ येत होती. त्यानं हात पुढं केला आणि तो मागं आला. "घ्या की सायेब," आबा म्हणाले. "तुम्ही?" "आमचं थांबलंय." "मग मीही थांबतो," अमृत म्हणाला. त्यात त्याची काही युक्ती नव्हती. खरंच थांबावंसं वाटलं म्हणून तो थांबला, आणि दोघं दाराकडं बघत बसले. पण आबा चुळबुळायला लागले. एकदा ताटाकडं, एकदा त्याच्याकडं. "असं न्हाई चालायचं," ते म्हणाले. "तळावर आल्यालं मानूस उपाशी बसून ऱ्हायलं तर काय म्हनतील? जेवा. आमी घरची मानसं, आमचं काय." "एकट्यानं नाही जात मला," अमृत म्हणाला. आबांनी श्वास सोडला. बराच वेळ त्यांनी दाराकडं बघितलं, जणू तिकडची परवानगी घेत होते. मग आत हाक दिली, "ए बाय, पानी आन हाताला." माया तांब्या घेऊन धावतच आली. आबांनी हात धुतले, धोतराला पुसले, आणि अमृतच्या ताटातली भाकरी मोडली. अर्धीतली अर्धी बाजूला ठेवली. "ही त्येची," ते म्हणाले. "पावन्याला एकटं जेवू दिऊ नये म्हनून बसतोय बगा. न्हाईतर न्हाई."

त्यांनी घास तोंडात घातला. दात नव्हते, हळू हळू हिरड्यांनी चावला, गिळला. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. स्वयंपाकघराच्या दारात माया तोंडाला पदर लावून उभी होती. अमृत खाली मान घालून जेवत होता. त्यानं एक घास घेतला की आबा एक घेत; तो थांबला की थांबत. म्हणून तो थांबला नाही. उद्याही असंच यावं लागणार होतं, परवाही, पाहुणा होऊन, बाहेरून. मुलगा म्हणून या माणसाच्या पोटात तो एक कण घालू शकला नसता, आणि परक्याच्या हातून भाकरी जात होती. त्याला वाटलं हुंदका येईल, पण घास होता, आणि घास अडवून चालणार नव्हता. "गाव कंचं तुमचं?" आबांनी विचारलं. "आटपाडीच्या पुढं." "मंग आमच्याच बाजूचं की." त्यांना बरं वाटलेलं दिसलं. दुधाची वाटी उचलून त्यांनी दोन घोट घेतले आणि मिशी पुसली. "वडील हायत न्हवं?"

अमृतनं मान वर केली. आबा त्याच्याकडं बघत होते, आपुलकीनं, एखाद्या वाटसरूची चौकशी करावी तसे.

"हाईत," तो म्हणाला.

"मंग आवरा बिगीनं. हितं बसून ऱ्हाऊ नगासा. म्हातारा जेवायचा थांबला असंल तुमच्यासाटनं."

"व्हय," अमृत म्हणाला. "निघतोच." आणि ताट आबांच्या बाजूला थोडं सरकवून त्यानं पुढचा घास मोडला.